बाटलीतील भांडवल : उंची वाइनच्या चढत्या भावाचा लेखाजोखा

नव्या तांदळापेक्षा जुन्या तांदळाला दोन पैसे अधिक मोजावे लागतात, हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणीस ठाऊक असते. लोणचे मुरले की रुचकर होते आणि मुरांब्याची गोडी महिन्यागणिक वाढते. एरवी मात्र काळ हा वस्तूंचा शत्रूच होय. मोटार विक्रेत्याच्या दारातून बाहेर पडताक्षणी जुनी ठरते, यंत्रसामग्रीवर वर्षानुवर्षे घसारा आकारावा लागतो, कापड विटते आणि धान्याला कीड लागते. काळ लोटेल तसतसे ज्यांचे मोल वाढत जाते अशा वस्तू मोजक्याच असून त्यांत फ्रान्समधील काही ठरावीक मळ्यांच्या वाइनची गणना केली जाते.

हे मोल कोठवर जाऊ शकते याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. २९ ऑक्टोबर २०१० रोजी हाँगकाँग येथे सदबीज या लिलावगृहाने बोर्दो प्रांतातील शातो लाफीत या मळ्याच्या तळघरातून थेट आणलेल्या बाटल्यांचा लिलाव केला. त्यात १८६९ सालच्या तीन बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीला फार तर ६० हजार हाँगकाँग डॉलर येतील, असा लिलावगृहाचा अंदाज होता. प्रत्यक्षात एकेक बाटली सुमारे १८ लाख हाँगकाँग डॉलरना, म्हणजे अंदाजे २ लाख ३२ हजार अमेरिकी डॉलरना विकली गेली. वरच्या अंदाजाच्या तीसपट रक्कम केवळ पाऊण लिटर द्रवासाठी मोजली गेली!

अशा वार्ता वृत्तपत्रांत झळकल्या की वाइन ही सोन्यासारखी, किंबहुना सोन्याहूनही किफायतशीर गुंतवणूक असल्याचे सांगणारे लोक पुढे येतात. म्हणूनच या किमती का वाढल्या, केव्हा कोसळल्या आणि त्या वाढीतून बाटली बाळगणाऱ्याच्या पदरात नेमके किती पडले, हे समजून घेणे इष्ट ठरते. वाइनचे सेवन करणारा असो वा तिच्यापासून कटाक्षाने दूर राहणारा असो, भाव आणि परतावा यांतील अंतर प्रत्येक बचतदाराने जाणून घ्यावे असेच आहे.

भावावरून ठरलेली प्रतवारी

या बाजाराचा पाया १८५५ मध्ये घातला गेला. त्या वर्षी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी सम्राट तिसरा नेपोलियन याच्या राजवटीत बोर्दोतील वाइनची यादी मागविण्यात आली. बोर्दोच्या व्यापारी मंडळाने हे काम दलालांच्या संघावर सोपविले. दलालांनी वाइन चाखून गुण देत बसण्याऐवजी आपल्या चोपड्या उघडल्या आणि कोणत्या मळ्याच्या मालाला अनेक वर्षे काय भाव मिळत आला आहे ते पाहून तांबड्या वाइनचे पाच वर्ग पाडले. पहिल्या वर्गाच्या मालाचा भाव पाचव्या वर्गाच्या जवळजवळ दुप्पट होता.

पहिल्या वर्गात चारच मळे आले : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (यांतील लातूरचा मराठवाड्यातील लातूरशी नामसाधर्म्यापलीकडे काहीही संबंध नाही.) त्यानंतरच्या पावणेदोनशे वर्षांत या प्रतवारीत महत्त्वाचा असा एकच बदल झाला. मूताँ रॉथशिल्ड हा मळा १९७३ मध्ये दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात चढविण्यात आला. त्या आदेशावर स्वाक्षरी करणारे कृषिमंत्री जाक शिराक पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले.

येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, भावावरून प्रतिष्ठा ठरली आणि पुढे त्याच प्रतिष्ठेच्या बळावर भाव टिकून राहिला. एखाद्या खातेदाराची पत त्याच्या पूर्वीच्या व्यवहारांवरून ठरावी आणि त्या पतीमुळे त्याला पुढील कर्ज सुलभतेने मिळावे, तसाच हा प्रकार झाला.

पुरवठा वाढत नाही तेव्हा

कांद्याचा भाव वाढला की पुढील हंगामात शेतकरी अधिक कांदा लावतो आणि भाव उतरतो. उंची वाइनच्या बाबतीत हे घडू शकत नाही. फ्रान्समधील कायद्याने कोणत्या शिवारातील द्राक्षांना कोणते नाव लावता येईल, दर हेक्टरी किती उत्पादन घेता येईल, हे बांधून दिलेले आहे. बर्गंडी प्रांतातील रोमाने-कोंती हा जगातील सर्वांत महागड्या वाइनचा मळा जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचार एकरांचा आहे. त्यातून वर्षाला काही हजारच बाटल्या निघतात. मागणी दहापट झाली तरी हे क्षेत्र एका गुंठ्यानेही वाढणार नाही.

बर्गंडीत आणखी एक कारण आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या वारसा कायद्याने जमिनीची वाटणी सर्व अपत्यांमध्ये होऊ लागली आणि भावकीत शेताचे तुकडे पडावेत तसे तेथील मळ्यांचे तुकडे पडत गेले. क्लो द व्हूजो या सुमारे ५० हेक्टरच्या एकाच मळ्याचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. परिणामी, एकेका उत्पादकाचा माल फारच तुटपुंजा असतो.

दुसरीकडे, एखाद्या वर्षीचा माल एकदा बाटल्यांत भरला की त्यात भर पडत नाही, उलट तो पिऊन संपत जातो. १९४५ साली रोमाने-कोंतीच्या केवळ ६०० बाटल्या निघाल्या आणि त्या पिकानंतर तेथील जुने वेल उपटून टाकण्यात आले. त्यांतील एक बाटली ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ५ लाख ५८ हजार डॉलरना विकली गेली. लिलावगृहाचा अंदाज ३२ हजार डॉलरपर्यंतचा होता. तो त्या दिवसापर्यंतचा विक्रम ठरला. मात्र त्याच लिलावात, त्याच वाइनची, त्याच तळघरातून आलेली दुसरी बाटली काही मिनिटांतच ४ लाख ९६ हजार डॉलरना गेली. एकाच मालाच्या दोन नगांत क्षणार्धात ६२ हजार डॉलरची तफावत पडते, तेथे ‘बाजारभाव’ हा शब्द किती जपून वापरावा लागेल याची कल्पना यावी.

पिंपातील मालाचा वायदा

बोर्दोमध्ये वाइन विकण्याची एक जुनी रीत आहे. द्राक्षांची तोडणी शरद ऋतूत होते. पुढच्या वसंतात, वाइन अजून लाकडी पिंपांत मुरत असतानाच, व्यापारी व समीक्षक ती चाखतात आणि मळ्यांचे मालक भाव जाहीर करतात. ग्राहक पैसे त्याच वेळी भरतो, बाटल्या मात्र त्याला आणखी दीड-दोन वर्षांनी मिळतात. मालकाला खेळते भांडवल आगाऊ मिळते आणि भाव चढण्यापूर्वीच माल हाती लागेल, अशी आशा ग्राहक बाळगतो.

बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर, ग्राहक येथे मळेवाल्यास बिनव्याजी कर्ज देत असतो. या कर्जाचा मोबदला भाववाढीच्या रूपाने मिळेल अशी अपेक्षा असते, हमी मात्र नसते. २०१२ मध्ये शातो लातूरने या पद्धतीतून अंग काढून घेतले आणि वाइन पिण्यायोग्य झाल्यावरच आपल्या तळघरातून विकण्याचे ठरविले. भाववाढीचा लाभ मध्यस्थ व ग्राहक यांच्याऐवजी आपल्याकडेच राहावा, हा या निर्णयाचा एक उघड अर्थ होता.

एक घसरण आणि एक वकील

युद्धोत्तर काळात लंडनच्या क्रिस्टीज लिलावगृहाने १९६६ मध्ये वाइनचा स्वतंत्र विभाग पुन्हा सुरू केला, तर सदबीजने १९७० मध्ये त्याचे अनुकरण केले. नियमित लिलावांमुळे भाव जाहीर होऊ लागले आणि जेथे भाव जाहीर होतो तेथे सट्टाही येतोच. १९७० च्या उत्तम पिकानंतर भाव वेगाने चढले. १९७२ चे पीक सुमार होते, तरीही मालकांनी चढेच भाव मागितले आणि व्यापाऱ्यांनी ते मोजले. १९७३ च्या अखेरीस तेलाचे संकट आले, ब्रिटनमधील पतपुरवठा आटला आणि साठे करून बसलेल्यांना मिळेल त्या किमतीला माल लिलावात काढावा लागला. त्यातच बोर्दोतील एका प्रतिष्ठित व्यापारी घराण्यावर हलकी वाइन बोर्दोच्या नावाने खपविल्याबद्दल १९७४ मध्ये खटला चालला. अनेक वाइनचे भाव निम्म्यावर व त्याहूनही खाली आले.

बाजार पुन्हा उभा राहिला तो १९८२ च्या पिकामुळे, आणि त्यास कारणीभूत झाली एक अनपेक्षित व्यक्ती. रॉबर्ट पार्कर हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे शेतीला कर्जपुरवठा करणाऱ्या बँकांच्या विधी विभागात वकील होते. १९७८ पासून ते फावल्या वेळात वाइनविषयी एक पत्रिका काढीत असत. शाळेतील उत्तरपत्रिकेप्रमाणे ते प्रत्येक वाइनला शंभरपैकी गुण देत. १९८२ चे बोर्दो पीक असामान्य असल्याचे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. त्या वेळी डॉलर बळकट होता आणि फ्रेंच फ्रँक दुबळा. अमेरिकी ग्राहकांनी धडाधड मागण्या नोंदविल्या. पुढे पीक खरोखरच उत्तम ठरले, भाव चढत गेले आणि १९८४ मध्ये पार्कर यांनी नोकरी सोडली.

या गुणपद्धतीने बाजाराचे स्वरूप पालटले. वाइनची पारख नसलेल्यालाही ९५ आणि ८५ यांतील फरक कळतो. जी वस्तू जाणकारीवाचून खरेदी करता येत नव्हती, ती केवळ आकड्याच्या आधारे खरेदी करता येऊ लागली. पतमानांकनाने रोख्यांच्या बाजारात जे घडविले, त्याचेच हे लहान रूप होते.

याच सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी निराळा मार्ग चोखाळला. हिवाळ्यातील पाऊस, द्राक्षे वाढण्याच्या काळातील सरासरी तपमान, तोडणीच्या सुमाराचा पाऊस आणि वाइनचे वय, एवढ्याच चार गोष्टींवरून बोर्दोच्या जुन्या वाइनच्या भावांतील बहुतांश चढउतारांचा उलगडा होतो, असे त्यांनी दाखवून दिले. चाखणाऱ्यांना हे रुचले नाही. परंतु उत्तम वर्ष कोणते हे ठरविणारा पहिला परीक्षक निसर्ग आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

पूर्वेची मागणी

२००० मध्ये लंडनच्या दोन शेअर दलालांनी लिव्ह-एक्स या नावाने व्यापाऱ्यांसाठी वाइनचा विनिमय बाजार सुरू केला. सर्वाधिक मागणी असलेल्या शंभर वाइनचा निर्देशांकही त्याने तयार केला. डिसेंबर २००३ मधील पातळी १०० धरली, तर जून २०११ मध्ये हा निर्देशांक सुमारे ३६४ वर पोहोचला होता. साडेसात वर्षांतील ही वाढ चक्रवाढ पद्धतीने वर्षाला सुमारे पावणेएकोणीस टक्के पडते.

या तेजीमागे चीनची मागणी होती. हाँगकाँगने वाइनवरील कर २००७ मध्ये ८० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणि फेब्रुवारी २००८ मध्ये शून्यावर आणला. पाहता पाहता ते वाइन लिलावाचे जागतिक केंद्र झाले. भेटवस्तू म्हणून लाफीतची बाटली देणे चिनी व्यापारी वर्तुळात प्रतिष्ठेचे मानले जाऊ लागले. चिनी लोक आठ हा अंक शुभ मानतात, म्हणून लाफीतने २००८ सालच्या आपल्या बाटल्यांवर चिनी लिपीतील आठचे चिन्ह उमटविले आणि ही बातमी फुटताच त्या बाटल्यांचा भाव उसळला. आतील वाइन आदल्या दिवशी होती तशीच होती.

त्यानंतर उतार आला. २००९ व २०१० च्या पिकांसाठी मालकांनी अतोनात भाव मागितले होते आणि २०१२ च्या अखेरीपासून चीनमध्ये सुरू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेने महागड्या भेटींचा ओघ आटला. २०१४ च्या मध्यापर्यंत निर्देशांक शिखरापासून एक तृतीयांशाच्या आसपास खाली आला होता. २०११ चे ते शिखर पुन्हा ओलांडावयास २०२१ साल उजाडावे लागले. म्हणजे शिखरावर खरेदी केलेल्या व्यक्तीस दहा वर्षांत मुद्दल तेवढे परत मिळाले, तेही साठवणुकीचा खर्च, विमा आणि महागाई हिशेबात न धरता.

स्वस्त पतपुरवठ्याच्या काळात, विशेषतः बर्गंडी आणि शाम्पेन यांच्या बळावर, २०२२ च्या सप्टेंबरपर्यंत पुन्हा तेजी आली. मग व्याजदर वाढले. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर डिसेंबर २०२१ मधील ०.१ टक्क्यावरून ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर गेला, आणि वाइनचा निर्देशांक २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे घसरला. यातील संबंध सरळ आहे. वाइन व्याज देत नाही, भाडे देत नाही, लाभांश देत नाही. ठेवीवर जेव्हा काहीच मिळत नसते तेव्हा तळघरात पैसा अडकवून ठेवणे परवडते, पण ठेवीवर पाच टक्के मिळू लागले की त्याच तळघराचे खरे भाडे कळते.

भाववाढ म्हणजे परतावा नव्हे

एल्रॉय डिमसन, पीटर रूसो आणि ख्रिस्तोफ स्पेंजर्स या तीन अभ्यासकांनी बोर्दोच्या पहिल्या वर्गातील मळ्यांच्या १९०० ते २०१२ या काळातील भावांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या मते महागाई वजा जाता वाइनचा परतावा वर्षाला ५.३ टक्के पडतो, आणि साठवणूक व विमा यांचा खर्च वजा केल्यावर तो ४.१ टक्के राहतो. सरकारी रोखे, चित्रे आणि टपाल तिकिटे यांपेक्षा हा परतावा अधिक आहे, शेअरपेक्षा मात्र कमी.

सव्वा टक्क्याहून थोड्या कमी असणाऱ्या या फरकाचे महत्त्व चक्रवाढीने कळते. एक लाख रुपये ५.३ टक्क्यांनी तीस वर्षांत सुमारे ४ लाख ७१ हजार होतात, तर ४.१ टक्क्यांनी ३ लाख ३४ हजार. एक लाख सदतीस हजारांची ही तूट केवळ बाटल्या सांभाळण्यापोटी येते. वाइनला बारा-तेरा अंश सेल्सियसच्या आसपास स्थिर तपमान, बेताची आर्द्रता, अंधार आणि निश्चलता लागते. यासाठी इंग्लंडमध्ये जुन्या दगडखाणींचे भूमिगत गोदामांत रूपांतर केलेले आहे आणि तेथे दर पेटीमागे वार्षिक भाडे आकारले जाते. घरच्या कपाटात ठेवलेल्या बाटलीला नंतर कोणी पूर्ण भाव देत नाही.

यात खरेदी-विक्रीचा खर्च धरलेला नाही. समजा, लिलावगृह खरेदीदाराकडून वीस टक्के अधिभार आणि विक्रेत्याकडून दहा टक्के दलाली घेते. एक लाखाच्या बोलीवर घेतलेली पेटी ग्राहकाला एक लाख वीस हजारांना पडते. विकताना तेवढेच पैसे हाती यावयाचे तर बोली १ लाख ३३ हजारांवर जावयास हवी. म्हणजे केवळ बरोबरी साधण्यासाठी भाव एक तृतीयांशाने वाढावा लागतो.

शिवाय विजयी वाइनच लोकांच्या स्मरणात राहतात. १९८२ चे लाफीत सर्वांच्या तोंडी असते, १९७२ चे कोणी आठवत नाही. मागणी सरलेल्या वाइन निर्देशांकातून गळतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. गुंतवणूकदाराच्या तळघरातून मात्र त्या आपोआप गळत नाहीत. जगातील बहुसंख्य वाइन दोन-चार वर्षांतच पिण्याजोगी असते, नंतर ती केवळ उतरते. नाशिक परिसरातील उद्योगानेही आपला बाजार ताज्या वाइनवर उभा केलेला आहे. मुरून मोलाची होणारी वाइन हा एकूण उत्पादनातील फारच थोडा हिस्सा आहे.

बनावट बाटली आणि रिकामे तारण

भाव चढला की बनावट माल येतो. डिसेंबर १९८५ मध्ये लंडन येथे १७८७ सालच्या लाफीतची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना विकली गेली. तीवर कोरलेल्या आद्याक्षरांवरून ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांची असल्याचे सांगण्यात आले होते. त्याच साठ्यातील बाटल्या घेणाऱ्या एका अमेरिकी संग्राहकाने पुढे त्यांची तपासणी करविली, तेव्हा ती अक्षरे विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरलेली असल्याचा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. २००६ मध्ये त्याने न्यायालयात धाव घेतली.

एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीतील पोंसो घराण्याच्या क्लो सँ-दनी या वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या मांडण्यात आल्या होत्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पोंसो स्वतः तेथे हजर झाले आणि त्यांनी त्या बाटल्या मागे घ्यावयास लावल्या. कारण साधे होते : त्या मळ्याची वाइन त्यांच्या घराण्याने १९८२ पूर्वी काढलीच नव्हती. त्या बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावान २०१२ मध्ये पकडला गेला तेव्हा त्याच्या घरी छापील लेबले, बुचे आणि रिकाम्या जुन्या बाटल्या सापडल्या. त्याला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. आश्चर्य असे की, वर्षानुवर्षे जाणकारांनी ती वाइन चाखली होती आणि तिची वाखाणणीही केली होती.

बँकिंगशी संबंधितांनी लक्षात ठेवावे असे दुसरे प्रकरण २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयात दाखल झाले. आरोपपत्रानुसार, २०१७ ते २०१९ या काळात दोन व्यक्तींनी, श्रीमंत संग्राहकांच्या उंची वाइनच्या तारणावर कर्जे द्यावयाची आहेत असे सांगून, गुंतवणूकदारांकडून सुमारे ९ कोटी ९० लाख डॉलर गोळा केले. नियमित व्याजाचे आश्वासन होते आणि काही काळ ते दिलेही गेले. तथापि कर्जदार संग्राहक काल्पनिक होते आणि तारण म्हणून दाखविलेला साठा सांगितल्याप्रमाणे अस्तित्वात नव्हता, असे तपासयंत्रणेचे म्हणणे होते. गोदामपावतीवर कर्ज देताना शाखेचा अधिकारी गोदामात जाऊन पोती का मोजतो, याचे उत्तर या प्रकरणात मिळते.

आपल्या ग्राहकाने काय घ्यावे

भारतात वाइनच्या बाटलीत बचत ठेवणे सुज्ञपणाचे नाही, याची कारणे वरील सर्व बाबींपेक्षाही ठोस आहेत. मद्य हा राज्यसूचीतील विषय असून परवान्याविना त्याची विक्री करता येत नाही. बहुतेक राज्यांत ते जवळ बाळगण्यावरही मर्यादा आहेत आणि गुजरात व बिहारसारख्या राज्यांत तर दारूबंदीच आहे. आयात वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क राहिले आहे. आपला उन्हाळा मुरण्यास प्रतिकूल आहे. सारांश, येथे घेतलेली बाटली उघडून पिता येते, पण व्यक्तीला ती कायदेशीरपणे विकून पैसे करता येत नाहीत. जी मालमत्ता विकता येत नाही तिचा भाव वाढला काय किंवा उतरला काय, धारकाच्या दृष्टीने सारखेच.

परदेशातील गोदामात ‘आपल्या नावे’ पेट्या ठेवण्याचा प्रस्ताव दूरध्वनीवरून आला, तर १९९० च्या दशकातील सागवान लागवडीच्या योजना आठवाव्यात. तेव्हाही झाडे दूर कोठेतरी होती, ती वाढत असल्याचे कागदावर दिसत होते आणि वीस वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचे तक्ते आकर्षक होते. सामान्य माणसाचे पैसे त्यात बुडाल्यावर सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियमावली आणली. ज्या वस्तूची पारख आपणांस नाही, जी आपण पाहिलेली नाही आणि जिचा भाव विकणाराच सांगतो, ती घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. ती वस्तू प्रत्यक्षात कोठे आहे व कोणाच्या नावे आहे? ती अस्सल असल्याचा पुरावा काय? सांभाळण्याचा वार्षिक खर्च किती? आणि उद्या गरज पडल्यास ती कोण, किती दिवसांत व किती वजावटीने विकत घेईल?

या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे असलेले लोक जगात आहेत. त्यांची तळघरे आहेत, जाणकार सल्लागार आहेत, आणि भाव पडला तर ती वाइन मित्रांसमवेत पिऊन टाकण्याची ऐपतही आहे. अशांना वाइनने गेल्या शतकात निश्चितच चांगला हात दिला. मात्र मुलीच्या शिक्षणासाठी किंवा निवृत्तीनंतरच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढलेली पुंजी ही गरजेच्या दिवशी हाती यावी लागते. तिने मुरावे ते व्याजाच्या रूपाने, आणि ते मुरणे पासबुकात दर तिमाहीस डोळ्यांनी पाहता यावे.